ई बिल्डिंगवरचं भोपळ्याचं फूल

१२ एप्रिल, शनिवार

नलू काल संध्याकाळी पुन्हा डी बिल्डिंगमध्ये गेली. भाजीची पिशवी घेऊन, तिसरा मजला, ३०४, आणि बेल. तिथे चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाणारे दोघे भाडेकरू राहतात. भले लोक. बसवलं, चहा दिला, पिशवीवर लिहिलेल्या नंबरावर मला फोन केला. मी धापा टाकत गेलो तर बाई मजेत बशीतून चहा पितायत. उतरताना म्हणाली, भिंतीवर कॅलेंडर नव्हतं तेव्हाच ओळखलं मी, आपलं घर नाही. ओळखलं तर उठायचं ना? पण चहा अर्धा टाकून उठणं तिच्या रक्तात नाही.

या महिन्यातली दुसरी वेळ. डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलंच होतं, हे विसरणं हळूहळू वाढणार. हळूहळू म्हणजे किती, ते विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.

सोसायटीत आठ बिल्डिंगा, ए ते एच. रंग एक, जिने एक, दारं एक. अक्षरं लिहिलीत, पण न. ला अक्षर वाचता येतं आणि त्यातलं आपलं कुठलं ते राहत नाही. आमची ई.

१३ एप्रिल, रवि.

प्रसाद आला माणहून. त्याचं ऑफिस तिकडे, फ्लॅट तिकडे. आल्या आल्या सुरू: बाबा, आईला एकटीला सोडू नका, दाराला वरून कडी लावा, नाहीतर दोघं माझ्याकडे चला. एकोणिसावा मजला त्याचा. खाली उतरायलासुद्धा कार्ड लागतं. त्याचं चुकतं असं नाही. घाबरलाय पोरगा.

न. आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "अठरा वर्षं रोज सहाला भाजीला जातेय मी. ते बंद केलं तर जगायचं कामून, ते पण सांग." लातूरकडची आहे. चिडली की 'कामून' बाहेर येतो.

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीपर्यंत मुदत. रोज सहाला जायचं आणि आपलं आपण ई मध्ये परत यायचं. एकदा जरी चुकली तर मुक्काम माण. न. हो म्हणाली, मीही. प्र. ने मोबाइलवर लिहून घेतलं.

१५ एप्रिल

सकाळी पोळ्या लाटता लाटता न. म्हणते, बिल्डिंगच्या दारावर खूण करू. मोठी, पिवळी, कोपऱ्यावरून दिसेल अशी. मी म्हटलं कमळ लावू. नको, ते दहा ठिकाणी असतं. मोर? तोही असतो. भोपळ्याचं फूल लावायचं. माहेरी परसात कुंपणावर वेल होता म्हणून. शिवाय, "भोपळ्याचं फूल दारावर लावणारं येडं दुसरं कोण मिळणार?" मुद्दा बिनतोड.

तीन फूट रुंद, पाच पाकळ्या, फोमशीटचं. ते ती करणारच. रुखवताची कामं केलीत तिने आयुष्यभर. चिखलीत लातूर-बीडकडच्या किती पोरींच्या लग्नात हिचे फोमचे मोर आणि बैलगाड्या मांडल्या गेल्या, मोजदाद नाही. पण ते सगळं हॉलमध्ये, पंख्याखाली, एक दिवस. हे उन्हात, पावसात, सहा महिने. चिकटवायचं कशाने? इथेच घोडं पेंड खातं.

ते खातं माझ्याकडे आलं. एकतीस वर्षं कंपनीत बाहेरून आलेला माल तपासायला बसलो होतो. एवढं नाही जमणार?

१७ एप्रिल

सोसायटीचे अध्यक्ष शितोळे. मूळचे चिखलीचे, आमच्या आठही बिल्डिंगा ज्या जमिनीवर उभ्या आहेत त्यात यांच्या वडलांचं वांगं पिकायचं. परवानगीला गेलो. उगाच सजावट वगैरे थापा मारणार होतो, पण त्यांच्या तोंडाकडे बघून खरं तेच सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, फूल काय, अख्खा येल लावा. कोण इचारतंय ते मी बगतो." एकच अट, भिंतीला भोक पाडायचं नाही. भोक पाडलं की वॉटरप्रूफिंगची गॅरंटी जाते.

म्हणजे स्क्रू बाद. जे काय ते गोंदाच्याच जिवावर.

२० एप्रिल, रवि.

ट्रायल सुरू. फोमच्या पट्ट्या कापल्या, सनबोर्डाच्या, म्हणजे पाट्या करतात त्या हलक्या बोर्डाच्या, तुकड्यांवर वेगवेगळ्या गोंदांनी चिकटवल्या, गॅलरीच्या ग्रिलला टांगल्या. प्रत्येकीला चिठ्ठी: नंबर, तारीख, गोंद. प्रत्येकीच्या टोकाला पाव किलो साबुदाण्याची पुडी. दुपारी ऊन, संध्याकाळी बादलीने पाणी. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, हा कुठला नवस.

१. ग्लूगन. २. सुतारी पांढरा गोंद. ३. इन्स्टंट गम. ४. चपला-सोफावाले वापरतात ते पिवळं रबर सोल्युशन. ५. खिडक्यांचं सिलिकॉन.

न. ने पट्ट्यांकडे एकदा बघितलं. चार नंबर राहील, म्हणाली, आणि भाजीला गेली. (मी मागे. लपून.)

२७ एप्रिल, रवि.

निकाल.

१. ग्लूगन: दुसऱ्या दुपारी मऊ पडून घसरली. रिजेक्ट. २. पांढरा गोंद: पाण्याने पुन्हा दूध झाला. रिजेक्ट. ३. इन्स्टंट: धरलं घट्ट, पण पट्टी वाकवली की काचेसारखं तडकतं, आणि कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं. वाऱ्यात हलणाऱ्या पाकळीला हे काय कामाचं? ५. सिलिकॉन: सनबोर्डला राहिलं, फोमवरून सालीसारखं सोलून निघालं. रिजेक्ट.

४. रबर सोल्युशन: साबुदाणा अजून लटकतोय.

सात दिवस, पाच गोंद, एक रजिस्टर. आणि ती पिशवी शोधता शोधता उत्तर सांगून गेली होती. कसं कळलं विचारलं तर खांदे उडवले. फोम मऊ तर गोंद पण मऊच पायजे की, एवढंच म्हणाली.

४ मे, रवि.

आज न. चं काम बघत बसलो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण असं बसून बघितलं नव्हतं कधी. ती काम करायची तेव्हा मी शिफ्टला, आणि मी घरी असलो की ती माझ्या ताटामागे.

इस्त्री तापवली, फोमची पाकळी तिच्यावर क्षणभर ठेवली, उचलली आणि अंगठ्याने मधोमध दाब दिला. पाकळी वळली. कड बोटांत ओढत नेली, तिला चुण्या पडल्या, खऱ्या भोपळ्याच्या फुलाला असतात तशा. पाचही पाकळ्या वेगळ्या. एकीची मान खाली, एक जरा आडवी. मी म्हटलं, ही वाकडी झाली. "उन्हाकडची आहे ती," म्हणाली.

मग सोल्युशन. ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ हात. आणि थांबली. लगेच चिकटवायचं नसतं, सुकू द्यायचं. किती? डब्यावर लिहिलंय दहा ते वीस मिनिटं. असल्या सूचना लिहिणाऱ्याला माझ्यापुढे उभा करा. न. बोटाची मागची बाजू, नखाच्या वरची, हलकेच टेकवते. चिकटून आलं तर थांब. टक् असा बारीक आवाज करून सुटलं तर लाव. मी घड्याळ लावून बसलो. पहिली पाकळी बारा मिनिटं, दुसरी बारा. तिसरीच्या वेळी कूलर चालू केला, हवा दमट झाली, तर अठरा. एकदाही चुकली नाही. तपासायला दोन पट्ट्या तिच्या वेळेच्या आधी लावल्या, दोन नंतर. चारही ओढल्यावर सुटल्या. तिची फोम फाटला तरी सुटेना.

सकाळी मला दोनदा विचारलं होतं, प्रसादच्या बायकोचं नाव काय. आणि हात हे असे. मला फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं. गॅलरीत जाऊन साबुदाणा तपासल्यासारखं केलं.

७ मे

पाकळ्या झाल्या, पण अख्खं फूल भिंतीला कसं? नमुन्याचा एक सनबोर्ड रबर सोल्युशनने लावून बघितला. तिसऱ्या दिवशी खाली. पाठीमागे बघतो तर गोंद बोर्डाला पक्का, आणि गोंदाला भिंतीचा रंग पक्का. रंगानेच भिंत सोडली होती. हात लावला की भुकटी निघते असला रंग. तळहात पांढरा करून घेऊन वर आलो. न. म्हणाली, दळण आणलंत का?

११ मे, रवि.

चाकणला जाऊन आलो. आमचा भोसले तिथे गाड्यांना पुढची काच बसवण्याच्या लाइनवर सुपरवायझर आहे. एके काळी माझ्या हाताखाली शिकला. म्हटलं, अरे, धावत्या गाडीची काच पावसात हलत नाही, मग माझं फूल का हलावं? तो हसला. काचेचा काळा गोंद उन्हात उघडा राहिला तर खराब होतो म्हणे, तो नका वापरू. दुसरा दिला, पांढरा, बंदुकीच्या ट्यूबमधला, हायब्रिड म्हणतात त्याला. ऊन सोसतो, रबरासारखा लवचीक राहतो. आणि गंमत म्हणजे तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. कोरड्या हवेत रेंगाळतो, दमट हवा मिळाली की लवकर धरतो.

न. ला सांगितलं. असा गोंद मला आधी कुणी सांगितला नाही, म्हणाली, आणि ट्यूब हातात घेऊन किती तरी वेळ वास घेत बसली.

१८ मे, रवि.

फूल लागलं. दारावरच्या छज्ज्यावर. आधी भिंत प्लास्टरपर्यंत खरवडली, पुसली, वाळवली. बोर्डाच्या पाठीला हायब्रिडच्या उभ्या रेघा ओढल्या. मधे वाट सोडली, हवा जायला आणि पाणी उतरायला. दोन दिवस खालून बांबूचा टेकू. शितोळे स्वतः शिडी धरून उभे. म्हणाले, "आयला, खरंच उगवल्यावानी दिसतंय."

न. कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथून मला हात केला. दिसतंय.

३ जून

सोळा दिवस. चूक शून्य. सहाला जाते, साडेसहा-पावणेसातला येते. पहिले चार दिवस मी मागे होतो. पाचव्या दिवशी दूधकेंद्रापाशी थांबून वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, अहो, यायचं तर पिशवी तरी धरा. तेव्हापासून घरीच बसतो.

२९ जून, रवि.

आठ दिवस धो धो. रोज सकाळी खाली जाऊन कडा बोटाने तपासतो. एक केस सुटलेला नाही. रंग थोडा धुतल्यासारखा वाटतो, पण पिवळा आहे. रस्ता पाण्याखाली, न. छत्रीखाली, तरी सहाला बाहेर. पस्तीस मिनिटांत परत, पिशवीत एक जुडी मेथी आणि तीही किडकी.

प्र. चा फोन रोज सहा पन्नासला. मी नुसतं 'ओके' म्हणतो.

२ ऑगस्ट

शितोळे आले. म्हणे सगळ्या बिल्डिंगांतल्या लोकांचा आग्रह आहे. येणारा-जाणारा फोटो काढतो. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आहे, तोवर बाकीच्या सात दारांवर पण अशीच फुलं लावू. "काकूंच्या हातचं नाव निगंल सोसायटीचं."

माझी छाती ही एवढी फुगली. न. म्हणाली, सात माझ्याच्याने होणार नाहीत, हात दुखतात. मी म्हटलं, मी करतो, तू फक्त बघ. ती काहीतरी बोलायला आली होती, मग राहिलं, आठवेना बहुतेक.

९ ऑगस्ट

तिच्या फुलावरून मापं घेतली. भोसलेकडून अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं टेम्प्लेट करून आणलं. आता पाकळी म्हणजे पाकळी. पस्तीसच्या पस्तीस एका मापाच्या, फरक एक मिलिमीटरच्या आत. गोंद पाकळ्यांनाही हायब्रिडच, आणि रेघा, टेकू, सगळं लिहून काढलेल्या पद्धतीने. इतकं सुबक काम मी नोकरीत असताना सप्लायरकडून कधी आलं नव्हतं.

१४ ऑगस्ट

सातही लागली. कोपऱ्यावरून बघितलं. आठ दारं, आठ फुलं, एका ओळीत, सगळी सारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजचा दिवस लक्षात राहील.

१६ ऑगस्ट, शनि.

मी गाढव आहे.

सहाला गेली. पावणेसात, सात, सव्वासात. प्र. चे चार फोन, मी उचलले नाहीत. शोधत निघालो. सातही दारांत बघत गेलो. जी च्या पायरीवर बसली होती. मेथी मांडीवर, सुकलेली, चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. मला बघून आधी हसली. मग तोंड रडवेलं झालं. म्हणाली, "अहो, सगळीकडे आपलंच घर आहे."

पाच ठिकाणी आत जाऊन आली होती. पाच बेला. नंतर पायरीवर बसून राहिली, मी शोधत येईन म्हणून.

तिने भोपळ्याचं फूल निवडलं होतं कशासाठी, तर दुसरं कुणी लावणार नाही म्हणून. माझ्यादेखत सांगितलं होतं. पोळ्या लाटता लाटता. मी इथे लिहूनसुद्धा ठेवलंय, पंधरा एप्रिलला. आणि स्वतःच्या हाताने सात लावली. तीही एका मापाची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो मीच. लाज वाटते.

१७ ऑगस्ट, रवि.

प्र. सकाळीच आला. ओरडला नाही, त्यामुळे जास्त जड गेलं. म्हणाला, बाबा, ठरलं होतं. बॅग भरायला घेतली आईची.

मी त्याला समोर बसवलं. सांगितलं, एकतीस वर्षं माल नाकारायचं काम केलं, पण दोष कुठे आहे ते बघितल्याशिवाय एकही पार्ट फेकला नाही. नव्वद दिवस तुझी आई एकदा चुकली नाही. चुकलो मी. शिक्षा तिला का? पोरग्याने बॅगेची चेन पुन्हा उघडली. मग बॅगेतल्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवल्या, त्याच्या पद्धतीने, म्हणजे चुकीच्या खणात. दिवाळीचं दिवाळीला बघू, म्हणाला.

१८ ऑगस्ट

शितोळ्यांकडे गेलो. मान खाली घालून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "माजंच डोकं. मीच बोललो लावा म्हनून." सातही आजच उतरवतो म्हणाले, माणूस बोलावला, शिडी आली.

न. खाली आली. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. शिडीपाशी उभी राहिली आणि उतरवू देईना. लोकांनी हौसेने लावलंय, म्हणे. आणि हा गोंद भिंत घेऊन निघेल. दुसरं खरंच होतं. बोर्ड ओढला असता तर प्लास्टर आलं असतं. एवढं मी पक्कं केलंय.

२१ ऑगस्ट

दुपारी न. ने मला ए पासून एकेका दारावरून फिरवलं. कमरेवर हात. एकेका फुलाखाली थांबून माझी तपासणी. आयुष्यभर मी सप्लायरांची केली, त्याचा सूड एका दुपारीत.

बी: "पाकळ्या हजेरीला उभ्या केल्यात." सी: तेच. डी: ही उन्हाकडची कुठली? एकही नाही. सगळ्या सरळ. फुलाला ऊन कुठून येतंय तेच ठाऊक नाही. ई पाशी आलो. ती थांबली. मी तोंड बंद ठेवलं. वर बघत राहिली, मग बोट केलं, त्या वाकड्या पाकळीकडे. जिना चढायला लागली.

२४ ऑगस्ट, रवि.

सहाला एकटी गेली. मी मागे. या खेपेला दूधकेंद्राच्या पलीकडे, शितोळ्यांच्या गाडीमागे. शितोळेही गाडीमागेच, वाकून. दोन म्हातारे चोरासारखे.

सहा चाळीसला कोपऱ्यावर आली. ए. वर बघितलं, पुढे. बी. थांबली, मग पुढे. सी पुढे. डी ला पायरीवर एक पाय ठेवला. वर बघितलं. पाय मागे घेतला. ई पाशी बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आत.

शितोळे डोळे पुसत होते. मला म्हणाले, धूळ लई उडती हितं. अंगण ओलंचिंब होतं पावसाने.

घरी गेल्यावर विचारलं, कसं ओळखलंस? भाजी निवडत होती. "ती तुमची आहेत. ही माझी."

छत्तीस वर्षांत या बाईला मी कधी शाब्बास म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. तिने भेंडी माझ्या पुढ्यात सरकवली, निवडा म्हणून.

२० सप्टेंबर

सत्तावीस दिवस. चूक एक, तीही अर्धी: डी च्या लिफ्टपर्यंत गेली आणि आपली आपण परत फिरली. प्र. ला सांगितलं. लपवायचं नाही असं ठरलंय.

नावं आणखी जातायत. काल मला 'साहेब' म्हणाली. नंतर हसलो दोघेही. ती का हसली ते मला कळलं नाही.

१२ ऑक्टोबर, रवि.

पाऊस सरला, ऊन कडक. सकाळी तपासायला गेलो तर न. च्या फुलाची खालची पाकळी सुटलीय. तीच, उन्हाकडची. अर्धी लोंबतेय. रबर सोल्युशन एवढ्या उन्हात कधीतरी हार मानणारच होतं. माझी सात जशीच्या तशी. ती मी पाकळ्यांसकट हायब्रिडने बसवलीत.

मी हायब्रिडने तिची लावली तर पाच वर्षं हलणार नाही. पण मी लावली तर सरळ बसेल. माझ्या हाताला वाकडं येत नाही. एक अंश जरी फिरली तरी ती तिची राहील का, कोण सांगणार? दिवाळीला आठ दिवस. आज ती वर बघून बरोबर घरी आली खरी, पण डी पाशी बराच वेळ थांबली असं शितोळे सांगत होते.

१३ ऑक्टोबर

न. लाच खाली नेलं. शितोळ्यांनी शिडी आणि खुर्ची आणली. पाकळी अलगद सोडवून तिच्या मांडीवर ठेवली, शेजारी हायब्रिडची ट्यूब आणि सोल्युशनचा डबा, दोन्ही. तिने ट्यूब बाजूला सारली. बरं म्हटलं. तिचा हात, तिचा गोंद. पुन्हा सुटेल तेव्हा पुन्हा लावू.

जुना थर नखाने काढला. पॉलिश पेपर मागितला, म्हणजे बोट घासून दाखवलं, शब्द आला नाही. ब्रशने पातळ हात दिला. वर बोर्डावर मी दिला, ती खालून हाताने दाखवेल तसा. मग थांबलो. मी शिडीवर, ती खाली. शितोळे शिडी धरून.

पाकळी उलटसुलट करून बघत होती. किती छान केलीय कुणीतरी, असं बघतात तशी. मग मान वर करून मला विचारलं,

"कुणाच्या घरचं आहे हे?"

शितोळ्यांनी खाली बघितलं.

"आपल्या," मी म्हटलं.

"मग घाई नको." बोटाची मागची बाजू टेकवली. "अजून ओलं आहे."

आणखी दोन मिनिटं. पुन्हा टेकवलं. आता, म्हणाली. पाकळी वर दिली, मी धरली, आणि ती खालून हाताने दाखवत राहिली: डावीकडे, अजून, मान खाली, खाली, बास. दाबली. घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. ओढून बघितली. फोम फाटेल, ती सुटणार नाही.

तिने हात पुसले, वर गेली, पिशवी घेतली. सहा वाजले होते. निघाली. मला वाटलं आज नको म्हणावं. म्हटलं नाही.

आत्ता सहा पस्तीस. मागे गेलेलो नाही. टेबलाशी बसून हे लिहितोय. दार उघडं ठेवलंय.